पश्चिमेच्या भिंतीवरच्या टाइल्स गारपिटीनंतर सुटल्या. दोष उन्हा-पावसाचा की मिस्त्रीचा?

ऑरेंजसिटी_सचिव
मंडळी, जरा मदत हवी आहे. नागपूरला आमची ११ मजली सोसायटी, ताबा मिळून नऊ वर्षं झाली. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीला वरपासून खालपर्यंत चॉकलेटी रंगाच्या दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. बिल्डरच्या ब्रोशरवर त्याच भिंतीचा फोटो होता, निम्म्या लोकांनी तो बघूनच फ्लॅट घेतला (त्यात मीपण आलो).

गेल्या मंगळवारी दुपारी पारा ४५ च्या वर. साडेपाचला एकदम आभाळ भरून आलं, आधी धुळीचा वारा, मग बोराएवढ्या गारा आणि वीस मिनिटं धो धो पाऊस. पाऊस थांबल्यावर सगळे गार हवा खायला गॅलरीत आले आणि भिंतीतून टक्... टक् असे आवाज यायला लागले, कोणीतरी सावकाश बोटं मोडत बसल्यासारखे. दहा मिनिटांनी सातव्या मजल्यावरून सलग पाच टाइल्सची पट्टीच्या पट्टी खाली पार्किंगच्या पत्र्यावर. पत्रा फाडून एक टाइल चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्कूटीच्या सीटमध्ये उभी रुतली. काकू पाचच मिनिटांपूर्वी गाडी लावून वर गेल्या होत्या. तेव्हापासून ज्याला त्याला त्या फक्त एवढंच सांगतायत, आणि बरोबरच आहे.

आता बिल्डर म्हणतो हे 'टेंपरेचर व्हेरिएशन', नैसर्गिक आपत्ती, माझा संबंध नाही. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पडल्या तेवढ्या सिमेंटने परत चिकटवून देतो. कमिटीतले अर्धे म्हणतात सगळं खरवडा आणि रंग मारा. माझा प्रश्न साधा आहे, तापमान असं झटक्यात उतरल्यामुळे टाइल खरंच पडते का, की ही पळवाट आहे?

वऱ्हाडी_ठेचा
काहून घाबरून ऱ्हायले भाऊ. नागपूरले २३ मे २०१३ ले ४७.९ झालं होतं, तवा माणसं नाही सुटली, टायला काय सुटतात. बिल्डरले धरा.

अर्धवट_राव
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. भिंतीपासून लांब.

गवंड्याचा_नातू
सचिवसाहेब, पहिलं काम, त्या पाच टाइल्स भंगारात टाकू नका. उलट्या करा आणि पाठ बघा. पाठीला मसाला चिकटून आला असेल तर एक गोष्ट, पाठ कोरी असेल तर वेगळी गोष्ट, आणि प्लास्टरचा पापुद्राच सोबत आला असेल तर तिसरीच. फोटो टाका, मग बोलू.

माझे आजोबा, वडील दोघं गवंडी, मी डिप्लोमा करून साईटवरच. आजोबांच्या वेळी भिंतीला लागायची ती साधी सिरॅमिक टाइल, तिला पाणी पिण्याची सवय. घमेल्यात रात्रभर भिजत टाकायची, सकाळी पाठीला सिमेंटचा लगदा लावायचा आणि थापीच्या दांड्याने ठोकून बसवायची. टाइल मसाल्यातलं पाणी ओढते आणि सिमेंट तिच्या पाठीत मुळं धरतं. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. ती काचेची बहीण. तिला त्याच पद्धतीने सिमेंट लावलं तर ते बसल्यासारखं दिसतं, पण धरत नाही. आमच्यातले किती मिस्त्री अजूनही व्हिट्रिफाइड टाइल भिजवत बसतात हे बघून मला हसावं की रडावं कळत नाही.

भौतिकवेडा
बिल्डर अगदीच खोटं बोलत नाहीये पण. गरम काचेच्या ग्लासात बर्फाचं पाणी ओतलं की काय होतं? तेच. थर्मल शॉक. विषय संपला.

स्थापत्यसखी
@भौतिकवेडा, विषय आत्ता सुरू झालाय. ग्लास तडकतो. सचिवांच्या टाइल्स तडकल्या का? त्या अख्ख्या खाली आल्या, एक तर सीटमध्ये उभी राहिली म्हणतायत.

टाइलची थर्मल शॉकची जी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे तिच्यात टाइल १४५ अंशांपर्यंत तापवून १५ अंशांच्या पाण्यात गार करतात, आणि हे दहा वेळा. बऱ्यापैकी कंपनीची टाइल त्यातून धडधाकट बाहेर येते. नागपूरच्या भिंतीवर गडद रंगाची टाइल मे महिन्यात दुपारी ६०-६५ अंशांवर जाते आणि पाऊस पडला की ३० च्या आसपास येते. म्हणजे ३०-३५ अंशांचा उतार. टाइलच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट आहे. टाइल फुटत नाही, सुटते. भानगड तिच्या आणि भिंतीच्या मध्ये आहे.

आता हिशोब. व्हिट्रिफाइड टाइल एका अंशाला दर मीटरमागे ६ ते ७ मायक्रॉन लांबते किंवा आखडते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन फुटी टाइल ३५ अंश उतरली की सुमारे ०.१४ मिमी आखडते. हसू येईल एवढंच. पण तिच्या मागचा गिलावा आणि काँक्रीट जाड, त्यांना पाऊस आल्याची बातमी उशिरा पोचते. टाइल म्हणते मी आखडते, भिंत म्हणते मी अजून तापलेलीच आहे. ही ओढाताण टाइलच्या मध्यावर कमी आणि कडांना सगळ्यात जास्त असते. रोज दुपारी एक फेरा, रोज रात्री एक, नऊ वर्षं. आणि त्यात मे-जूनचे असे दहा-पंधरा झटके.

भौतिकवेडा
ताई, हिशोब मान्य, पण एक शंका. काँक्रीटचा प्रसरणांक, म्हणजे तोच एका अंशाला मीटरमागे मायक्रॉनचा आकडा, १० ते १२ ना? टाइलपेक्षा जास्त. मग हळूहळू तापताना काँक्रीटच टाइलला ताणणार आणि गार होताना दाबणार. तुमच्या मांडणीत झटका आला की टाइल आखडते, म्हणजे शेजारणीपासून लांब जाते. मग फुगून बाहेर पडायला जोर कुठून येतो? फुगायला दाब लागतो.

स्थापत्यसखी
फार चांगला प्रश्न, ग्लासवाल्या प्रतिसादाची भरपाई झाली :)

दाब नऊ वर्षं साचतोय. नवीन काँक्रीट पहिली काही वर्षं सुकून आखडतं, वरच्या मजल्यांच्या वजनाने कॉलम किंचित आखूड होतात, पण टाइल भाजलेली, ती आखडत नाही. शिवाय दुपारच्या उन्हात सगळ्यात गरम तीच असते. म्हणजे सहा मीटर रुंद भिंतीवर एकमेकींना टेकवून लावलेल्या दहा टाइल्स, त्यांना पसरायचंय दीड मिलिमीटरच्या आसपास आणि जागा शून्य. त्या एकमेकींना रेटतात आणि जिथे पकड कच्ची तिथे पाठीमागून सुटतात. पण पडत नाहीत!! कारण शेजारणींनी दोन्ही बाजूंनी आवळून धरलेलं असतं.

लोकलकर_डोंबिवली
म्हणजे ८.१२ ची फास्ट. आत पाय टेकलेले नसले तरी माणूस पडत नाही, गर्दीच उभं ठेवते. दादरला गर्दी उतरली की धाडकन.

स्थापत्यसखी
@लोकलकर, हे मी उद्या ज्युनिअर्सना सांगणार, श्रेय देणार नाही. अगदी हेच. टाइल्स दुपारच्या उन्हात आधीच सुटलेल्या असणार, कदाचित मागच्याच मे महिन्यात. पावसाने सगळ्या आखडल्या, आवळलेली पकड ढिली झाली आणि पाच जणी एकत्र उतरल्या. सचिवांनी ऐकलेलं टक् टक् बहुतेक तेच.

अर्धवट_राव
दादरला उतरलेल्या टाइल्स स्कूटीवर बसल्या. पुढे रिक्षा मिळाली नसेल.

शेवंती_२७
मला एक कळत नाही, गारा पडल्या ना? मग गारांच्या माराने पडल्या असतील, एवढी फिजिक्स कशाला.

ऑरेंजसिटी_सचिव
@शेवंती, गारा थांबून अर्धा तास झाला होता. आणि वारा दक्षिणेकडून होता, त्या बाजूच्या दोन खिडक्या फुटल्यात. तिथल्या टाइल्स शाबूत.

@गवंड्याचा नातू, पाठीचे फोटो टाकतोय. माझ्या शब्दांत सांगायचं तर पाठ जेवून धुतलेल्या ताटासारखी आहे. कंपनीची चौकटी नक्षी, मधे उठावाचा बाण, आणि बोट फिरवलं की पांढरी पावडर बोटाला लागते. नऊ वर्षांनी!! वर दुर्बिणीने बघितलं तर भिंतीवर प्रत्येक टाइलच्या जागी पाच गोळे दिसतात, चार कोपऱ्यांना चार, मधे एक.

गवंड्याचा_नातू
संपलं. पाच लाडू. ही ती पद्धत, टाइलच्या पाठीला मसाल्याचे पाच लाडू ठेवायचे आणि भिंतीवर दाबायचं. भिंत ओळंब्यात नसली की लाडू कमीजास्त जाड करून लेव्हल पटकन मिळते, दिवसाला दुप्पट काम होतं. मधली सगळी जागा पोकळ. पोकळीत पाणी शिरतं, आणि टाइल धरून राहते फक्त लाडवांवर, म्हणजे अंगाचा पाचवा हिस्सा असेल नसेल.

आणि ती पांढरी पावडर म्हणजे भट्टीत टाइल रोलरला चिकटू नये म्हणून कारखान्यात पाठीला लावतात ती. लावायच्या आधी ओल्या फडक्याने पुसायची असते. तुमच्याकडे कोणी पुसली नाही. कोणीच पुसत नाही म्हणा, मी स्वतः नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत पुसायला सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. त्या साईटच्या खालून अजूनही मी रस्ता ओलांडून जातो.

जुनी_ईंट
पूर्वी वाड्यांना काय टाइल होत्या? चुना, वीट, माती. दोनशे वर्षं उभे. हल्ली सगळं दिखाऊ.

बिदरचा_जावई
@जुनी_ईंट, टाइल्स होत्या की! सासुरवाडी बिदर असल्यामुळे दरवेळी पाहुण्यांना दाखवायला न्यावं लागतं म्हणून माहीत. महमूद गवानचा मदरसा, १४७२ चा. अख्खा दर्शनी भाग निळ्या-हिरव्या-पांढऱ्या रंगीत टाइल्सनी मढवलेला होता. औरंगजेबाच्या काळात आत दारूगोळ्याचा स्फोट झाला, अर्धी इमारत गेली, तरी उरलेल्या भागावर आणि मिनारावर टाइल्सचे तुकडे आजही दिसतात. बिदरचं ऊन आणि वळीव काही नागपूरच्या फार मागे नाही. साडेपाचशे वर्षं.

जुनी_ईंट
मग माझाच मुद्दा सिद्ध झाला ना.

स्थापत्यसखी
अर्धा. तिथे टाइलचे तुकडे लहान आणि जुनी कामं चुन्यातली. चुना सिमेंटसारखा ताठ नाही, थोडं इकडेतिकडे सरकू देतो. लहान तुकडा म्हणजे प्रत्येकाची ओढ लहान, आणि सांधे भरपूर. आपण उलटं केलंय, टाइल मोठी, मसाला ताठ, सांधा नाही. बाकी बिदरच्याही बऱ्याच टाइल्स पडून गेल्यात, उरल्या तेवढ्या आपण मोजतो.

साकुरामावशी
सगळा धागा एका दमात वाचला. वीस वर्षं जपानमध्ये आहे, इथे जवळजवळ प्रत्येक अपार्टमेंटच्या बाहेर टाइल. पण लहान, आमच्या बिल्डिंगची साडेचार सेंटिमीटर बाय साडेनऊ, आणि दर मजल्याला एक आडवी रबरासारखी काळी पट्टी. आधी मला ती डिझाइन वाटायची, नंतर कळलं तो भिंतीला श्वास घ्यायला सोडलेला सांधा आहे.

नोव्हेंबर १९८९ मध्ये किताक्युशूला एका दहा मजली इमारतीच्या वरच्या भागातल्या टाइल्स पडून दोन माणसं गेली. आता नियम असा की दहा वर्षांनी बाहेरची भिंत माणसाच्या अंगावर पडू शकेल तेवढी सगळी ठोकून बघायची. काठीच्या टोकाला छोटा लोखंडी गोळा असतो, तो टाइलवरून घरंगळवत नेतात. धड टाइलवर आवाज बारीक, कोरडा, आणि पोकळ आली की आवाज एकदम मोकळा आणि मोठा होतो. आमच्याकडे परांची बांधून महिनाभर हे चाललं होतं, मी घरून काम करायचे, शेवटी शेवटी मला आतून आवाजावरून कळायचं कुठली गेलेली आहे. खडूने खूण करतात. आमच्या बाल्कनीच्या बाहेर तीन खुणा होत्या, मला उगाच शरमल्यासारखं झालं.

वऱ्हाडी_ठेचा
मावशी, आपल्याकडे कलिंगड घेताना हेच करतो. टिचकी मारून.

मेपलचा_पाक
टोरोंटोहून. आमच्याकडे तर उलटी गोष्ट, शून्याच्या वर-खाली. मार्चमध्ये दिवसा +६, रात्री −८, रोज. टाइलमध्ये मुरलेलं पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. पहिल्या वर्षी हौसेने भारतातून आणलेल्या रंगीत सिरॅमिक टाइल्सवर घराचा नंबर करून बाहेरच्या विटांवर लावला. एका हिवाळ्यात टाइल जागेवर आणि रंगीत ग्लेझ पापुद्र्यासारखं सुटून पायरीवर. ४२ मधला ४ गेला, पिझ्झावाला दोन नंबरच्या घरी जायला लागला. तीच टाइल स्वयंपाकघरात आजही नवी आहे. भिंतीची सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, तिला थंडीत बाहेर काढायचंच नसतं हे मग कळलं.

मर्लायनचा_शेजारी
सिंगापूर. जानेवारी २०१८ मध्ये इथे काही दिवस पारा २१-२२ वर आला (हसू नका, इथे त्याला थंडी म्हणतात, लोक स्वेटर घालून फोटो काढत होते). आणि शहरभर घरातल्या फ्लोअरिंगच्या टाइल्स फटाफट उठायला लागल्या. आमच्या शेजारच्या घरी रात्री दोनला आवाज झाला, त्यांना चोर आला वाटलं. मधोमध दोन टाइल्स तंबूसारख्या एकमेकींना टेकून उभ्या. बाहेरची भिंत नाही ही, पण मुद्दा तोच वाटतो, काँक्रीट आखडलं आणि टाइलला जायला जागा नाही.

भौतिकवेडा
हे माझ्या शंकेचं उत्तर आहे. गार होताना काँक्रीट टाइलपेक्षा जास्त आखडतं, टाइल दाबली जाते, तंबू होतो. म्हणजे हळू थंडीने फुगते, झटक्याच्या पावसाने निसटते. दोन वेगळे रोग. ताई, बरोबर ना?

स्थापत्यसखी
बरोबर. आणि दोन्हीवर औषध एकच, जागा सोडा.

पुणेरी_पाटी
व्याकरणाचा मुद्दा. 'टाइल'चं अनेकवचन टाइल्स, टायली की टायला? आणि क्लॅडिंगला, म्हणजे भिंतीवरच्या अशा आवरणाला, मराठी शब्द नाही का?

अर्धवट_राव
भिंतीचा अंगरखा. बटणं तुटलेला.

लोकलकर_डोंबिवली
पडल्यावर अनेकवचन तुकडे.

गच्चीवरची_बाग
जरा विषयांतर, पण संबंध आहे. आमच्या गच्चीवर चायना मोझॅक आहे, विटांचे तुकडे टाकून कोबा आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे, मुंबईत जुन्या बिल्डिंगींना असतं तसं. चाळीस वर्षं ऊन पाऊस खातंय, वरचे तुकडे जागचे हललेले नाहीत. मग भिंतीवरच का रडगाणं?

गवंड्याचा_नातू
आडवं आणि उभं यात फरक आहे ना ताई, गच्चीवरचा तुकडा सुटला तरी पडून जाणार कुठे. जागेवरच बसून राहतो. पण तुमचंही खरंय, चायना मोझॅक टिकतं कारण तुकडे दोन-तीन इंचांचे, पांढरे म्हणून कमी तापतात, आणि ओल्या कोब्यात दाबून बसवलेले, खाली पोकळ जागा नाही. आजोबा त्यावर लाकडी थापीने तासन्‌तास ठोकायचे. चॉकलेटी रंगाचं चायना मोझॅक कोणी बघितलंय? मला वाटतं सचिवांच्या भिंतीचा अर्धा आजार रंगात आहे. त्याच भिंतीला फिक्या रंगाची टाइल असती तर दुपारी सहज दहा-पंधरा अंश कमी तापली असती.

सिडनीचा_गणपती
ऑपेरा हाऊसच्या छतावर दहा लाखांहून जास्त टाइल्स आहेत, समुद्राचं ऊन-वारा खात. पण त्या छतावर चढून एकेक चिकटवलेल्या नाहीत. खाली जमिनीवर साच्यात उलट्या मांडून काँक्रीटचे पॅनेल ओतले आणि ते पॅनेल वर नेऊन बोल्टने बसवले. पॅनेलांमध्ये फटी सोडलेल्या आहेत. बाकी तुमचं चालू द्या.

शेवंती_२७
इतकी कथा ऐकून मी म्हणेन सगळं काढा, रंग मारा. रंग डोक्यात पडत नाही.

ऑरेंजसिटी_सचिव
@शेवंती, रंग पाच-सहा वर्षांनी परत करावा लागतो आणि प्रत्येक वेळी वर्गणी गोळा करताना मलाच शिव्या पडतात. तरी तो पर्याय टेबलावर आहे.

नियमवाला
मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याने सक्तीचं आहे, पण त्यात सगळा भर कॉलम-बीमवर जातो, बाहेरच्या टाइलला टिचकी मारून बघणारा ऑडिटर मी तरी पाहिलेला नाही. हाँगकाँगला २०१२ पासून ३० वर्षांवरच्या इमारतींची बाहेरच्या भिंतीसकट तपासणी सक्तीची आहे. चीनने तर डिसेंबर २०२१ मध्ये बाहेरच्या भिंतीवर सिमेंट मसाल्याने टाइल चिकटवण्याची पद्धतच बंद केली. आपल्याकडे ९ वर्षांच्या इमारतीला कोण विचारतो. बिल्डरला नोटीस द्या, वर्कमनशिपचा फोटो तुमच्या हातात आहे, 'पाच लाडू'.

वऱ्हाडी_ठेचा
नोटिशीत लाडू नका लिहू, तो म्हणन प्रसाद होता.

ऑरेंजसिटी_सचिव
तीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल माफी. धागा वर काढतो कारण उत्तर मिळालं आहे आणि ते माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळं आहे.

पश्चिमेखाली आधी जाळी बांधली, पार्किंग बंद केलं. मग दोरीवर उतरणारी दोन मुलं बोलावली आणि साकुरामावशींच्या सांगण्याप्रमाणे एकेक टाइल ठोकून घेतली. त्यांच्याकडे गोळ्याची काठी नव्हती, स्टीलचा मोठा चमचा उलटा धरून ठोकला, छान चालतो. एक जण ठोकायचा, खाली मी आराखड्यावर फुली मारायचो. सकाळी सहा ते नऊ, कारण नऊनंतर टाइलला हात लागत नाही. पश्चिमेला ८४० टाइल्स, त्यात २९६ पोकळ. आणि पोकळ सगळ्या विखुरलेल्या नाहीत. दर मजल्याला स्लॅबच्या रेषेत पट्टा, जिथे काँक्रीटचा बीम संपून वीट सुरू होते. खिडक्यांच्या कोपऱ्यांना. आणि वरचे तीन मजले तर जवळपास सगळे.

आता खरी गंमत. उत्तरेच्या जिन्याच्या भिंतीला ह्याच टाइल्स, ह्याच कॉन्ट्रॅक्टरने, त्याच वर्षी लावल्यात. तिथली एक टाइल मुद्दाम काढून बघितली, तिथेही पाचच लाडू, पाठीला तीच पावडर. आणि २१० पैकी पोकळ किती? ९.

म्हणजे बिल्डर म्हणतो ऊन, गवंड्याचा नातू म्हणतो काम, दोघंही अर्धे अर्धे बरोबर. वाईट काम सावलीत नऊ वर्षं टिकलं.

स्थापत्यसखी
ही तुलना फार मोलाची आहे, कागदावर नीट जपून ठेवा. बीम आणि वीट यांच्या सांध्यावर प्लास्टरखाली चिकन मेश (तारेची बारीक जाळी) आहे का तेही बघून घ्या, काँक्रीटवर प्लास्टर करण्याआधी टाचे (पकड बसावी म्हणून खाचा) मारलेत का तेही. नाहीतर नवीन टाइल उत्तम लागेल आणि प्लास्टरसकट येईल.

नवीन लावणार असाल तर माझं मत. पडल्या तेवढ्या परत सिमेंटने चिकटवणं म्हणजे पैसे वरून खाली टाकणं. टाइल हलक्या रंगाची आणि लहान. चिकटवायला भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १५४७७ मधलं बाहेरच्या भिंतीला चालणारं, सुकल्यावर थोडं वाकू शकणारं ॲडेसिव्ह, दातऱ्या थापीने भिंतीवर सलग ओढायचं आणि टाइलच्या पाठीलाही पातळ हात. दोन टाइल्समध्ये निदान तीन-चार मिमीची फट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर मजल्याला स्लॅबच्या रेषेत आडवा आणि दर तीन ते साडेचार मीटरला उभा मोकळा सांधा, त्यात फोमची दोरी आणि वर सीलंट. ब्रिटिश मानकात बाहेरच्या टाइलला साधारण हेच अंतर आहे. हा सांधा प्लास्टरपर्यंत कापलेला हवा, वरवर काळी रेघ ओढलेली नको. अकराव्या मजल्यापर्यंत दोन फुटी टाइलच हवी असेल तर नुसत्या चिकटवण्यावर जाऊ नका, स्टीलच्या क्लॅम्पवर बसवा.

गवंड्याचा_नातू
+१. आणि एक साईटची गोष्ट, जी कागदावर नसते. ॲडेसिव्हच्या पिशवीवर लिहिलंय वीस मिनिटं चालतं. ते वीस मिनिटं कारखान्याच्या प्रयोगशाळेतलं. नागपूरच्या मे महिन्यात तापल्या भिंतीवर पाच मिनिटांत त्यावर साय धरते, दुधावर धरते तशी. वरून ओलं दिसतं, बोट लावलं की बोट कोरडं. त्या सायीवर टाइल दाबली की झालं, पुन्हा नऊ वर्षांनी हाच धागा. काम पश्चिमेला असेल तर सकाळी करा, दुपारी त्यांना पूर्वेला पाठवा. आणि दर शंभरात दोन-तीन टाइल्स लावल्या लावल्या उचकटून पाठ बघा, मिस्त्री चिडेल, चिडू द्या.

ऑरेंजसिटी_सचिव
साय! हे पक्कं डोक्यात बसलं.

जनरल बॉडी काल झाली, साडेतीन तास. पश्चिमेच्या सगळ्या टाइल्स काढायच्या हे ४१ विरुद्ध ६ ने मंजूर. त्या जागी काय यावर एकमत नाही, वरच्या चार मजल्यांना रंग आणि खाली हलक्या रंगाच्या लहान टाइल्स असा सध्या कल आहे, दिवाळीनंतर काम, उन्हात नाही. उत्तरेच्या भिंतीला हात लावायचा नाही, फक्त त्या ९ टाइल्स काढायच्या, मजल्याच्या रेषेत सांधे कापून घ्यायचे आणि दर दोन वर्षांनी चमचा. चमचा मिनिट्समध्ये तसाच लिहिला आहे. बिल्डरला नोटीस गेली, त्याचं उत्तर आलं की टाइल्सची देखभाल सोसायटीने केली नाही. टाइलची देखभाल म्हणजे काय करायची असते ते त्याने लिहिलेलं नाही.

स्कूटीची सीट सोसायटीच्या खर्चाने बदलली. काकूंनी जुनी सीट मागून घेतली आणि ती त्यांनी जनरल बॉडीत आणली होती. मतदान ४१-६ होण्यात तिचा वाटा मोठा आहे.

भौतिकवेडा
ते सहा कोण होते?

ऑरेंजसिटी_सचिव
ज्यांचं पार्किंग पूर्वेला आहे.

वऱ्हाडी_ठेचा
साहेब, त्या काढलेल्या ५०० च्या वर धड टायला काय करून ऱ्हायले? आमच्या गोठ्याले लागतात. जमिनीवर लावू, पडल्या तरी म्हशीले सांगतो.